डिसेंबरचं पान

जानू पेंटरचा मोबाईल नंबर पोलादपूर तालुक्यातल्या कितीतरी भिंतींवर बिबट्याच्या पायाखाली आहे. हे कुणी ठरवून केलेलं नाही. महाडात अठ्ठेचाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या नंबरप्लेटा रंगवलेल्या माणसाला, कामाच्या उजव्या कोपऱ्यात 'जानू आर्ट्स, महाड' आणि त्याखाली नंबर लिहिल्याशिवाय काम पुरं झाल्यासारखं वाटत नाही.

फ्लेक्स आल्यावर पाट्या बंद झाल्या. त्याच सुमारास पोलादपूरच्या अलीकडे जखमी रानप्राण्यांचं एक केंद्र निघालं. तिथल्या डॉक्टर आम्रपालीनं पिंजऱ्यांवर 'आत हात घालू नये' असं लिहायला जानूला बोलावलं. अकरा पिंजरे होते. नवव्यापाशी त्याचा हात थांबला. आत फासकीत पाय गमावलेली बिबट्याची मादी होती, एका डोळ्यानं आंधळी. ती त्याच्याकडे बघत राहिली, तो तिच्याकडे. उरलेल्या पत्र्यावर त्यानं तिला काढलं. तीन पाय, एक डोळा, जशी होती तशी. मुंबईहून आलेल्या एका बाईंनी तो पत्रा विकत मागितला. आम्रपालीला आधी वाटलं, त्या थट्टा करताहेत.

तेव्हापासून केंद्रात आलेला प्रत्येक बिबट्या, रानमांजर आणि वाघाटी जानू काढतो आणि दरवर्षी त्या चित्रांचं कॅलेंडर निघतं. त्याच्या विक्रीवर केंद्राच्या जाळ्या आणि जनावरांचं मटण भागतं. जानूचा नियम एकच, आपण डोळ्यांनी पाहिलं तेच काढायचं. फोटोवरून काढलेलं जनावर फोटोसारखं दिसतं, असं तो म्हणतो. म्हणजे घरी गीताबाईला म्हणतो. बाहेर तो फारसं काही म्हणत नाही.

कॅलेंडरं गावोगाव टांगली गेली आणि फोन सुरू झाले. बिबट्या दिसला की बिबट्याखालच्या नंबरला फोन लावायचा, यात लोकांची काही चूक नव्हती. वनखात्याचा नंबर मागच्या पानावर होता आणि मागचं पान भिंतीकडे. जानू सांगायचा, मी पेंटर आहे. पलीकडचा म्हणायचा, ते असू द्या, पण माझा कुत्रा नेला त्याचं काय? मग जानू वनखात्याचा नंबर सांगायचा आणि कुत्रा कुठल्या रंगाचा होता तेही विचारायचा, कारण नुसता नंबर सांगून फोन ठेवणं त्याला बरं वाटायचं नाही. आम्रपालीनं त्याला चित्रावरचा नंबर काढून टाकायला दोनदा सांगितलं. त्यानं दोनदा मान डोलावली.

यंदा दिवाळी झाली तेव्हा अकरा चित्रं तयार होती, डिसेंबर तेवढा राहिला होता. आम्रपालीला डिसेंबरला पिल्लं हवी होती. पिल्लांचं पान असलं की कॅलेंडर हातोहात जातं. केंद्रात पिल्लं नव्हती आणि छापखान्याला आठ दिवसांत चित्र द्यायचं होतं.

अशात कुडपणहून चांगू नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला. त्याच्या पडवीत गेल्या वर्षीचं कॅलेंडर होतं.

"पेंटर, बिबट्याची पिल्लं हायत. तीन. माझ्या पेंढ्याच्या उडवीत."

उडवीभोवती वाडी जमली होती. निम्म्यांचं मत, उडवी पेटवून द्यावी, कारण पिल्लांमागं आई येणार आणि ती गोठ्यात शिरणार. उरलेल्यांचं मत, पिल्लं गोणत्यात भरून खाली पोचवावी. चांगूचं मत एवढंच होतं की उडवी त्याची आहे.

जानूनं चांगूला थांबायला सांगितलं आणि आम्रपालीला फोन लावला. ती कशेडीच्या घाटात गाडीनं उडवलेल्या रानमांजराकडे गेली होती, तिथं रेंज नव्हती. वनरक्षक दूरच्या गावात होते, त्यांना पोचायला संध्याकाळ होणार होती. जानूनं फोन खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि चांगूला लावला.

"पिल्लू केवढं आहे?"

"मुठीत मावंल."

"कपाळावर रेघा आहेत का बघा. डोळ्यांपासून वर मानेकडे गेलेल्या. हात लावू नका, लांबूनच मोजा."

पलीकडे सगळी वाडी रेघा मोजू लागली. बराच वेळ लागला.

"चार हायत. शेजारचा भरत म्हणतो पाच."

"मग बिबट्या नाही. वाघाटी आहे. मोठी झाली तरी घरच्या मांजराएवढीच राहते. उंदीर खाते." जानूनं आजवर तीन वाघाट्या रंगवल्या होत्या, त्या रेघा त्याच्या हाताला पाठ होत्या.

चांगूनं हे मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं. पेटवणारे जरा हिरमुसले. मग चांगू फोनवर परत आला.

"असं असंल तर आमचा पोरगा हृतिक गाडीवरनं आनून देतो. दोन तासांत तुमच्या दारात. तुमच्या क्यालेंडरला पन होतील."

जानूनं फोन या कानावरून त्या कानाला नेला. डिसेंबर आपल्या पायानं दारात येत होता. पण आईजवळून उचललेलं पिल्लू शिकार शिकत नाही आणि जन्मभर पिंजऱ्यात राहतं, हे आम्रपालीनं कितीतरी लोकांना सांगताना त्यानं ऐकलं होतं. तसं एक त्यानं रंगवलंही होतं. ते फेब्रुवारीच्या पानावर होतं.

"नको," तो म्हणाला. "आहेत तिथंच राहू द्या. माणसं, कुत्री लांब करा. आई येऊन नेईल."

"आनि नाय आली तर?"

"ते मला माहीत नाही," जानू म्हणाला. "पण पेटवू नका."

गीताबाई दारात उभी राहून ऐकत होती. चहात साखर कमी पडली हे सांगायला तुम्हाला चार दिवस लागतात, ती म्हणाली, आणि आज अख्ख्या वाडीला हुकूम सोडताय. जानूला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तीन जीव आपल्या शब्दावर पेंढ्यात पडून आहेत, आणि आपण कोण, तर पेंटर.

संध्याकाळी वनरक्षक उडवी पाहून आले आणि पेंटर म्हणतो तसंच करा म्हणाले. यानं जानूची काळजी वाढली. दुसऱ्या दिवशी सकाळी चांगूनं कळवलं, एक गेलं, दोन हायत. त्यानं उडवीला हात लावलेला नव्हता, गुरांना शेजाऱ्याचा पेंढा आणून घालत होता आणि वाडी त्याला बाळंतपण कधी आटोपतंय म्हणून विचारत होती. तिसऱ्या दिवशीही दोनच होती. आता मात्र आणतो, चांगू म्हणाला. आणखी एक दिवस, जानू म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर आपण हे कशाच्या जोरावर बोललो ते त्याला आठवेना.

चौथ्या दिवशी सकाळी फोन आला.

"गेली."

"रक्तबिक्त? पेंढा विस्कटलाय?"

"काय नाय. खळगा ऱ्हायलाय नुसता."

आम्रपालीला सांगितल्यावर ती म्हणाली, काका, तुम्ही बरोबर केलंत. मग तिनं डिसेंबरचं विचारलं. जानू पत्रा आणि रंगाचे डबे घेऊन कुडपणला गेला. डोळ्यांनी पाहण्यासारखं तिथं एकच होतं. तो उडवीसमोर बसला आणि दुपारपर्यंत त्यानं उडवी काढली. खालच्या बाजूला मुठीएवढे तीन जीव निजतील असा खळगा, पेंढ्याची काडी न् काडी.

चांगू मागं उभा राहून बघत होता.

"यात मांजर कुठाय?"

"गेली ना."

"एखादा कान तरी काढा. लोकांना कळनार कसं?"

जानूनं विचार केला. ते बरोबर होतं. त्यानं बारीक ब्रश घेतला, दोरी धरून रेघ आखली आणि उडवीखाली दुकानाच्या पाटीसारख्या ठळक अक्षरांत लिहिलं, 'येथे आता कोणी नाही.'

चांगूनं ते दोनदा वाचलं.

"झालं का तुमचं?" तो म्हणाला. "गुरं थांबल्येत." आणि त्यानं उडवीतून पहिला भारा ओढला.