नववं कुळ

पडदा वर जातो तेव्हा आवाज नाही, हीच आज मोठी गोष्ट. कामतघरची ती अरुंद गल्ली आठवड्याचे सहा दिवस कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटाने थरथरते. आज शुक्रवार, लूमची सुट्टी, म्हणून गप्प. कारखान्यावरचा माळा. खिडकीपाशी लॅपटॉप, आणि त्याच्यासमोर तुळजा भोईर, वय एकोणतीस. घड्याळात एक वाजलेला. चार वाजता पीएचडीची तोंडी परीक्षा, इथूनच, लॅपटॉपवर. शुक्रवार तिनेच मागून घेतला होता. एरवी या घरात स्वतःचं नाव सांगायलाही ओरडावं लागतं.

तिचा विषय कापडासारखाच, फक्त हाताला न लागणारा. संमिश्र संख्यांच्या जगात समीकरणांतून जन्मणारे पृष्ठभाग. त्यांतले सरळ स्वभावाचे जुन्या मंडळींनी कधीच वर्गवार लावून ठेवले. उरला तो अफाट ढीग, त्याचं नाव 'सर्वसाधारण प्रकार'. नाव साधं, पण त्याची पूर्ण यादी आजवर कोणालाच जमलेली नाही. तुळजाने त्यातला एक कोपरा झाडून काढला होता. मोठा पृष्ठभाग घ्यायचा, तो पाव-पाव वळणाने स्वतःवरच फिरवायचा, आणि एकमेकांच्या जागी येणारे चार-चार बिंदू एकच मानायचे. नवा पृष्ठभाग तयार; अशा एकसारख्या पृष्ठभागांचं एक कुळ. अट एवढीच, की कुठल्याही वळणात एकही बिंदू जागच्या जागी राहता कामा नये. राहिला तर तिथे टोक उमटतं आणि कुळच बाद होतं. अशी बरोबर नऊ कुळं आहेत, हे तिच्या प्रबंधाचं पहिलं वाक्य.

हौसाआत्या चादरींचा गठ्ठा घेऊन वर आली. तुळजाला तिनेच वाढवलं. तीस वर्षं ती कापड तपासते.

"काय गो, जेवलीस का न्हाय?"

"नंतर, आत्या."

"परीक्षा तुझी हाय, पोटाची न्हाय."

तुळजा हसली. आत्याने एका चादरीची चौपदरी घडी घातली आणि लगेच परत उलगडली.

"बसली होती की घडी. उलगडलीस कशाला?"

"चौपदरी बसतेच गो. दुपदरी उघडून बघावी लागते, मधला डाग तिथं लपतो. येडे लोक वरची घडी बघून शिक्का मारतात."

तुळजाने लॅपटॉपवर प्रबंधातलं नववं कुळ उघडलं.

पाव वळण तिने तपासलं होतं. पण पाव वळण दोनदा दिलं की अर्धं वळण होतं. पहिल्या आठ कुळांत तेही बघितलं होतं. नववं सगळ्यात शेवटी, घाईत सापडलेलं; त्यात अर्धं वळण तपासायचं राहूनच गेलं होतं. तिने वही ओढली. दोन वाजता उत्तर आलं: अर्ध्या वळणात सोळा बिंदू जागचे हलत नाहीत. पुन्हा केलं. पुन्हा सोळा.

दोन परीक्षकांनी प्रबंध वाचून चांगला अभिप्राय दिला होता. तिच्या मार्गदर्शक सरांनी तर पानन् पान वाचलं होतं. कोणाच्याच नजरेला हे आलं नव्हतं. गप्प राहिलं तर संध्याकाळी डॉक्टर, आणि पुढच्या महिन्यात पुण्याच्या कॉलेजात रुजू. बोललं तर प्रबंध परत, नोकरी गेली, आणि आत्याने अख्ख्या गल्लीला आधीच पेढे सांगून ठेवलेले. सरांना फोन लावायला तिने तीनदा मोबाइल उचलला, तीनदा पालथा ठेवला.

चार वाजले. आत्या नवं लुगडं नेसून लॅपटॉपच्या मागे, कोणाला दिसणार नाही अशी बसली. लॅपटॉपवर तीन चेहरे उमटले. सर हसत होते, आणि तेच हसणं तिला सगळ्यात जास्त भिववत होतं.

"तुळजाताई," वयस्क परीक्षक म्हणाले, "तुमचं नववं कुळ मला फार आवडलं. कुठल्याच वळणात बिंदू स्थिर राहत नाही, हे एका ओळीत सांगून टाका, म्हणजे पुढे जाऊ."

ओळ प्रबंधात छापलेली होती. नुसती वाचायची. आत्याने समोरून हाताने खुणावलं: बोल, बोल. त्याच हाताने सकाळपासून किती चादरी उलगडल्या होत्या.

"सर, ती ओळ चुकीची आहे. अर्ध्या वळणात सोळा बिंदू जागेवरच राहतात. कुळं आठच. नववं मी नीट उलगडून बघितलंच न्हाय."