मागच्या निम्म्यातलं काहीतरी सांगा

नांदेड आणि लातूरकडच्या वाचकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. मी त्यात दोन वर्षांपासून आहे, आणि त्यातल्या बहुतेकांनी शेवटचं पुस्तक दहावीला वाचलं असावं असं माझं ठाम मत आहे. नियम साधा. दर सोमवारी एकानं एक पुस्तक नाहीतर सिनेमा सुचवायचा, बाकीच्यांनी तो वाचून-बघून चार ओळी लिहायच्या. होतं काय? सकाळी सातला पुस्तकाचं नाव पडतं. पाच मिनिटं होत नाहीत तोवर जोडलेले हात, गुलाब, 'अप्रतिम', 'निःशब्द'. निःशब्द झालेला माणूस पुढे बारा ओळी लिहितो. मग एकजण हटकून विचारणार, 'पीडीएफ असंल तर टाका.' पीडीएफ पडली की तिलाही गुलाब. उघडून बघत कुणी नाही.

सिनेमाचं तर विचारूच नका. एकदा कंधारच्या एका सभासदानं अडीच तासांचा सिनेमा सुचवला आणि वीस मिनिटांत तिघांचे डोळे पाणावले. मी लिहिलं, 'नेमके कुठं पाणावले?' एकानं गुलाब टाकला. माझी सगळी नोकरी हदगावात मराठी शिकवण्यात गेली. गाइड पाठ करून आलेलं पोर मी वर्गाच्या दारातच ओळखायचो. पण पोरं निदान मान खाली घालत. ही पन्नाशीची माणसं मान वर करून खोटं बोलून राहिलीत, तेही फुकटचं, कुणी मार्क देणार नसताना.

म्हणून मी एक प्रश्न सुरू केला. कुणी 'वाचलं, सुंदर' म्हणालं की मी लिहायचो, 'मागच्या निम्म्यातलं काहीतरी सांगा.' कथानक नको, शैली नको, मागच्या निम्म्यातली एखादी बारीक गोष्ट. लोक लई चिडले. एकानं विचारलं, 'सर, ही काय परीक्षा हाय का?' मी म्हणालो, 'हाव, परीक्षाच हाय.' त्यानंतर माझ्या सोमवारी गुलाब कमी यायला लागले. बरंच झालं.

या फुलबाजारात एकच माणूस धड होता. त्यांचं औशाला भांड्यांचं दुकान. कपाळाला भस्म, शाळा बारावीपर्यंत, हे त्यांनीच सांगितलेलं. सगळे त्यांना अप्पा म्हणत, मीही. अप्पांनी कधी कुणाला गुलाब टाकला नाही. वाचलं नसेल तर लिहीत, 'न्हाई वाचलं.' वाचलं असेल तर माझ्या प्रश्नाची वाटही बघत नसत. एकदा मी माझं अत्यंत लाडकं पुस्तक सुचवलं. वर्गात कैकदा शिकवलेलं. पंधरा दिवसांनी अप्पांनी लिहिलं, 'लग्नात ती म्हातारी पानावर बसती, हात धुती आन तशीच उठती. जेवत न्हाई. लेखक त्यावर एक शब्द बोलत न्हाई, ते लई आवडलं.' मी पुस्तक काढून बघितलं. म्हातारी खरंच जेवत नव्हती. इतक्या वर्षांत मला ती दिसली नव्हती.

तेव्हापासून आमची देवाणघेवाण वेगळी सुरू झाली. औशाहून नांदेडला येणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे पुडकं द्यायचं, मी स्टँडवर जाऊन घ्यायचं. मग एकमेकांना फोन. खरं सांगतो, ग्रुपवरच्या बाकी कुणाच्या मताला मी काडीची किंमत देत नव्हतो. पण अप्पांनी मला खरा वाचक मानावं, हे मला फार हवं होतं. रिटायर झाल्यावर मला 'सर' म्हणणारे पुष्कळ उरले होते. मत विचारणारा हा एकच होता.

मागच्या उन्हाळ्यात त्यांनी एक कादंबरी पाठवली. लेखक अनोळखी, कव्हर भडक. खेड्यात पिठाची गिरणी चालवणाऱ्या एका बाईची गोष्ट. सोबत चिठ्ठी होती: 'सर, शेवट वाचल्यावर बोलू.' मी पन्नास-साठ पानं वाचली आणि वैतागलो. दळण, पट्टा, रांग, परत दळण. मनात म्हणालो, अप्पांची आवड शेवटी दुकानदाराचीच. हे असं वाटलं, लपवण्यात अर्थ नाही. पुस्तक टेबलावर आठवडाभर पडलं. सोमवार आला, आणि त्या सोमवारी पाळी माझी होती.

मी पुस्तक उचललं, मधली चार पानं चाळली आणि शेवटचं पान वाचलं. गिरणी बंद पडलेली, बाई उंबऱ्यात बसून मिस्त्रीची वाट बघते. संपलं. मला हेच पाहिजे होतं. ग्रुपवर मी लांबलचक लिहिलं: शेवट अर्धवट सोडून द्यायची हल्ली फॅशन आली आहे, शेवट सुचत नाही म्हणून लेखक तो वाचकाच्या गळ्यात मारतो, या लेखकाला आपल्याच बाईचं काय करावं ते कळलेलं नाही. वाक्यं झकास जमली होती. त्या दिवशी गुलाबांचा पाऊस पडला. दोघांनी तर लिहिलं, 'अगदी बरोबर सर, शेवट मलाही खटकला.' पुस्तकाचं नाव त्यांनी सकाळी पहिल्यांदा ऐकलं असणार. मला हसू आलं. मी त्यांना माझा नेहमीचा प्रश्न मात्र विचारला नाही.

अप्पांनी ग्रुपवर काही लिहिलं नाही. दुपारी त्यांचा फोन आला. मागे पातेल्यांचा आवाज येत होता.

'सर, पुस्तक पुरं झालं म्हणायचं?'

'झालं की. लिहिलंय ना सविस्तर.'

'वाचलं ते.' मग ते म्हणाले, 'सर, त्या पुस्तकाची बांधणी चुकलेली हाय. एकशेसाठच्या पुढची सोळा पानं दोनदा लागल्यात, आन शेवटची सोळा न्हाईतच. मी लातूरला लायब्ररीतल्या प्रतीवरनं झेरॉक्स करून आत ठिवायला आणली व्हती. पुडकं बांधताना गिऱ्हाईक आलं, आन झेरॉक्स गल्ल्यावरच राहिली. बस गेल्यावर ध्यानात आलं. म्हणलं जाऊ द्या, तिथवर आले की सर सोताच फोन करून मागतील. रोज वाट बघायलो.'

मी पुस्तक हातात घेतलं. एकशेशहात्तरनंतर एकशेएकसष्ट. तीच पानं, परत तीच. वाचत आलेल्या माणसाला आंधळा असला तरी कळलं असतं. आणि नेमकं एकशेशहात्तरच्या तळाशी वाक्य पुरं होत होतं.

'पाठवू का, सर?' अप्पांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो.

'पाठवा,' मी म्हणालो.

झेरॉक्स दुसऱ्या दिवशी आली, पिना मारलेली. मी कादंबरी पहिल्या पानापासून काढली आणि दोन दिवसांत संपवली. शेवटच्या सोळा पानांत मिस्त्री येतो, गिरणी दुरुस्त करतो, चालू करतो आणि विचारतो, 'आवाज कसा काय?' बाई म्हणते, 'झकास.' आणि म्हणताना हळूच गिरणीच्या पेटीवर तळहात टेकवते. ती कधीचीच बहिरी झालेली असते. गावात कुणाला पत्ता नाही. लोकांच्या ओठांकडे बघून, मान डोलावून तिनं सगळं निभावलेलं असतं. ते पान मी किती वेळ धरून बसलो होतो कुणास ठाऊक. मला लाज वाटली, आणि साठीनंतर वाटणारी लाज लवकर उतरत नाही.

ग्रुपवर मी काही कबूल केलं नाही. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती, आणि त्या दोघांना 'शेवट मलाही खटकला' हे गिळायला लावायला आधी मला गिळावं लागलं असतं. पण अप्पांना मी वेगळं लिहिलं. अर्धा तास लागला. तळहाताचं लिहिलं. ती गिऱ्हाइकांना उजेडाकडं तोंड करून उभं करते, ते मागे कुठं कुठं आलंय ते पानांच्या आकड्यांसकट लिहिलं. इतक्या वर्षांत इतकं खरं मी कुठल्या पुस्तकाबद्दल लिहिलं नव्हतं. पाठवलं आणि फोन हातात धरून बसलो.

दोन मिनिटांत उत्तर आलं. माझं लिहिणं वाचायला दोन मिनिटं पुरली नसती.

'वा सर. अप्रतिम. निःशब्द.' खाली जोडलेले हात, आणि एक गुलाब.