हामूंगाच्या बायकोने आखलेला मधुचंद्र

फोन आला तेव्हा शिकारी कॅम्पची व्यवस्था बघणारी मालेले ओट्यावर वाळकी मासळी निवडत बसली होती. राजधानी लुसाकाहून कुणी माणूस इंग्रजीत बोलत होता. त्याचं नुकतंच लग्न झालंय, मधुचंद्राला तळ्याकाठचं टोकाचं घर हवंय, आणि सोबत वाटाड्या घेऊन शिकारही करायचीय. कुडू हरण तर हवंच. जमलं तर रानरेडाही.

"मिळेल साहेब. नाव काय लिहू?"

"काबासो. अगं, मी ओळखतो ती जागा. मॅनेजर होतो तिथे. बायकोला दाखवायचंय, नवरा कुठे राज्य करत होता ते."

मालेलेने नाव लिहून घेतलं, 'या, या, आनंदाने या' म्हणाली आणि फोन ठेवला. मग उठून मागच्या अंगणात गेली आणि कुडाला धरून उभी राहिली. अंगाची नुसती लाही लाही होत होती. राज्य म्हणे! मेल्याने राज्य केलं ते कुणाच्या मानेवर पाय देऊन, हे त्याला आठवत नसलं तरी मालेलेला आठवत होतं.

गोष्ट साधी आहे. मालेलेचा नवरा हामूंगा हा या रानातला माग काढणारा. वाळलेल्या गवतावरून रेडा गेला की तो कुठल्या पायाने लंगडतोय ते सांगायचा, आणि पाहुणे पुढच्या वर्षी येताना आधी विचारायचे, हामूंगा आहे ना? एकदा बंदीच्या दिवसांत या काबासोने मित्रांना मेजवानी द्यायची म्हणून विहिरीपाशी सेबल मारलं. सेबल म्हणजे मागे वळलेल्या शिंगांचं ते काळं, राजबिंडं हरण. त्याला हात लावायला परवाना लागतो. संध्याकाळी काबासो स्वतःच्या हाताने एक तंगडी घेऊन हामूंगाच्या दारात आला. "पोरांना खाऊ घाल," म्हणाला. हामूंगाने दोन्ही हातांनी घेतली. आमच्याकडे वरिष्ठाने दिलेलं मांस नाकारणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. वनखात्याचे लोक आले, तेव्हा याच काबासोने बोट दाखवलं, "ह्याच्या घरात बघा. मला केव्हापासून संशय होता." तंगडी सापडली. हामूंगा तुरुंगात गेला, काबासो बढती घेऊन लुसाकाला.

तुरुंगातून माणूस परत आला खरा, पण माग काढण्याचा बिल्ला गेला होता. त्याहून वाईट म्हणजे गाव गेलं होतं. बियरच्या मडक्याभोवती त्याला कुणी जागा करून देईना. ज्या चिझुकाला हामूंगाने बोट धरून रान शिकवलं, तो आता कॅम्पचा वाटाड्या झाला होता, आणि हामूंगाचं अंगण दिसलं की गाडीचा वेग वाढवायचा. लुयांडो, म्हणजे यांची थोरली, शाळेतून रडत आली की विचारायचंसुद्धा नाही का ते. चोराची पोर.

गावप्रमुख म्हातारा मुन्सांजे. हामूंगा चोर, असं त्यानेच गावापुढे सांगितलं होतं. त्याच्या शब्दावाचून बिल्ला परत मिळणार नव्हता. मालेले त्याच्या उंबऱ्याशी इतक्या वेळा गेली की त्याची कुत्री भुंकायची थांबली. दर वेळी तो एकच सांगायचा, "बाई, मांस तुमच्या घरात निघालं. ज्याने मारलं तो स्वतःच्या तोंडाने सांगेल तर मी माझा शब्द मागे घेतो. नाहीतर कसा घेऊ?"

आता तो माणूस स्वतःच्या पायाने चालत येत होता.

त्या संध्याकाळी तिने मक्याच्या पिठाचा शिमा वाढता वाढता हामूंगाला सांगितलं. 

"लुयांडोच्या बापा, काहीतरी बोल."

"काय बोलू? येऊ दे. खाईल, पिईल, जाईल."

"रेड्याच्या पुढ्यात सोडते त्याला. चिझुकाला सांगते, उंच गवतात ने."

"आणि चिझुका मेला तर?"

ते खरं होतं. शिवाय मेलेला माणूस कबुली देत नाही, आणि मालेलेला त्याचं मढं नको होतं. तिला त्याचं तोंड हवं होतं. ते कसं उघडायचं हे तिला रात्रभर तळमळून, कोंबडा आरवायच्या सुमाराला सुचलं.

आमच्याकडे शिकारी मोठं जनावर घेऊन परतला की गावाच्या वेशीवर बाया ढोल घेऊन गाडी अडवतात. शिकारी गाडीवरच उभा राहतो. एक बाई गाण्यातून विचारते, कोण पहाटे उठून चाललं? त्याने छाती ठोकून म्हणायचं, न्दिमे! म्हणजे मीच. कुणी गोळी झाडली? न्दिमे! असं होईस्तोवर त्याला खाली उतरू देत नाहीत. मग गावप्रमुख लाकडाच्या ठोकळ्यावर मांस कापतो आणि घरोघर वाटतो. आणि त्या ठोकळ्यापुढे म्हटलेलं 'न्दिमे' कुणाला परत घेता येत नाही. खोटी फुशारकी मारून दुसऱ्याची शिकार स्वतःच्या नावावर केली, तर त्या माणसाला पुन्हा रानात कुणी सोबत नेत नाही. विचारणारी बाई कोण? तर कित्येक वर्षं मालेलेच. नवरा चोर ठरला तरी तिच्यासारखा गळा गावात दुसरा नव्हता, आणि मांस तर सगळ्यांनाच हवं होतं.

काबासो उत्तरेचा. इतकी वर्षं इथे राहून त्याने इथल्या टोंगा भाषेचा एक शब्द शिकला नव्हता. "शिकून काय गायी हाकायच्यात?" असं तो चारचौघांत म्हणायचा आणि हसायचा. हसून घे म्हणावं.

मालेले मधुचंद्राच्या तयारीला अशी लागली की पोटच्या पोरीचं लग्न असावं. टोकाच्या घराला नवा चुना. मच्छरदाणीवर बोगनवेलीची फुलं. आल्यादिवशी आराम, दुसऱ्या दिवशी बंदूक तपासून निशाणाची सवय, मग पहाटेपासून कुडू, संध्याकाळी वेशीवर स्वागत, त्यानंतर होडीतून तळ्याची सैर, आणि शेवटी रानरेडा. फोनवर तिने त्याच्याकडून 'न्दिमे' घोकून घेतलं.

"जोरात म्हणा साहेब. गाव मोठं आहे, शेवटपर्यंत ऐकू गेलं पाहिजे. आणि मध्ये थांबायचं नाही, थांबला तर भित्रा म्हणतात."

"मी आणि भित्रा?" काबासो खूश होता.

सगळं जमलं होतं, आणि मग नवरीचा फोन आला. नाव लवनेस. चक्क टोंगात बोलली.

"मावशी, मी आपल्या टोंगा मुलखात, मोंझेला आजीकडे वाढले. तुमच्याकडे आंबट दूध मिळेल ना? लुसाकात पिशवीतलं मिळतं, त्याला चव नाही. आणि माझ्या नवऱ्याला जपा हं, बंदूक मिरवतो पण झुरळाला घाबरतो."

मालेले हसली, आणि हसू आल्याचा तिला राग आला. या पोरीचं काय चुकलं होतं? मधुचंद्राला येतेय बिचारी, आणि आपण तिचं नाक गावासमोर कापायला बसलोय. दोन दिवस तिचं मन खालीवर होत राहिलं. तिसऱ्या दिवशी लुयांडो फाटका गणवेश घेऊन आली. मारामारी झाली होती. कारण मालेलेने विचारलं नाही. ती फक्त सुईदोरा घेऊन बसली, आणि टाके संपेपर्यंत तिचं मन पुन्हा दगड झालं होतं.

पाहुणे आले. काबासोचं पोट सुटलं होतं, मिजास तीच.

"अरे वा, तू अजून इथेच?" त्याने मालेलेला ओळखलं. "नवरा कसाय? सुटला की नाही? लवनेस, हिच्या नवऱ्याने आमच्या हरणांवर हात मारला होता. पण माझ्या मनात काही नाही हं. झालं गेलं."

"तुमचं मन मोठं, साहेब," मालेले म्हणाली. दातांवर दात इतके दाबले होते की कानशिलं दुखली.

लवनेस मात्र पहिल्याच सकाळी सरळ स्वयंपाकघरात शिरली, कमरेला कापड गुंडाळून शिमा घोटायला बसली. "सरा मावशी, तुमचा हात दुखेल," म्हणाली. मालेले तिच्याकडे बघायचं टाळत राहिली.

कुडू मिळाला. चिझुकाने काबासोला असं जवळ नेऊन उभं केलं होतं की आंधळ्याचाही नेम लागला असता. संध्याकाळी गाडी वेशीवर आली, मागे तो पीळदार शिंगांचा देखणा नर, आणि टपापाशी उभा काबासो. शेजारी लवनेस. अख्खं गाव जमलं होतं. मुन्सांजे ठोकळ्यापाशी सुरी घेऊन बसला होता. हामूंगा आला नव्हता. त्याचं अंगण वेशीपासून हाकेवर, पण तो घरातच बसून होता.

ढोल लागला. मालेले पुढे झाली.

"कोण अंधारात उठून चाललं?"

"न्दिमे!" काबासोने छाती ठोकली. बाया किंचाळल्या.

"कुणी गोळी झाडली?"

"न्दिमे!"

"आज गावाच्या चुली कुणामुळे पेटणार?"

"न्दिमे!" आता त्याला रंग चढला होता. तो नाचायला लागला.

मालेलेने एक श्वास घेतला. सूर बदलला नाही, ढोलही तोच.

"बंदीच्या दिवसांत, विहिरीपाशी, काळं सेबल कुणी मारलं?"

"न्दिमे!"

ढोलवाली चुकली. मालेलेने तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा वाजवायला लागली. म्हाताऱ्या मुन्सांजेच्या हातातली सुरी जिथल्या तिथे राहिली.

"लुयांडोच्या बापाच्या दारात तंगडी कोण घेऊन आलं?"

"न्दिमे!" हामूंगा हे नाव त्याला पगारपत्रकामुळे ठाऊक होतं. पण गाव माणसाला त्याच्या लेकराच्या नावाने हाक मारतं, एवढंही या राजाला माहीत नव्हतं.

गर्दीतला हसण्याखिदळण्याचा आवाज बंद झाला होता. काबासोला ते जाणवलं असावं. तो बायकोकडे झुकला. "काय म्हणतायत गं?"

लवनेसने मालेलेकडे पाहिलं. मालेलेने नजर हटवली नाही. मनात म्हणाली, सांग आता, वाचव तुझ्या नवऱ्याला, तुझा हक्कच आहे. पोरीचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"तुझं कौतुक चाललंय," लवनेस म्हणाली. "थांबू नकोस."

आणि ती गाडीवरून खाली उतरली, बायांच्या रांगेत मालेलेशेजारी येऊन उभी राहिली, आणि पुढचा प्रश्न तिने स्वतःच विचारला. गळा बेसूर होता, पण शब्द स्वच्छ होते.

"स्वतः चोरी करून त्या माणसाला तुरुंगात कुणी पाठवलं?"

बायकोसुद्धा गातेय हे बघून काबासोला केवढा अभिमान वाटला! दोन्ही हात वर करून तो ओरडला, "न्दिमे! न्दिमे!"

मालेलेच्या डोळ्यांत पाणी आलं. दयेचं नव्हे, उगीच कुणी तसं समजू नये. इतक्या वर्षांचं विष असं भर वेशीत, ढोलाच्या तालावर उतरताना तिला जे सुख झालं, ते तिला लग्नाच्या दिवशीही झालं नव्हतं. फक्त शेजारच्या पोरीचा हात कधीतरी तिच्या हातात आला होता, आणि तो गार पडला होता, एवढंच तिला टोचत होतं.

मुन्सांजे उठला. तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत, काबासोला कळेल असं, सावकाश बोलला. तुला काय विचारलं आणि तू काय उत्तर दिलंस, एकेक करून सगळं सांगितलं. काबासो आधी हसला. मग त्याने चिझुकाकडे पाहिलं. चिझुका जमिनीकडे बघत होता.

"ही फसवणूक आहे!" काबासोच्या तोंडचं पाणी पळालं. "मला भाषा येत नाही. लवनेस, सांग त्यांना!"

"तू नाही मारलंस ते?" लवनेसने विचारलं. "माझ्याकडे बघून सांग. एकदाच."

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. ते गावाने पाहिलं.

तोवर गर्दी मागून दुभंगली. हामूंगा आला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वेशीपर्यंत. घरात बसल्या बसल्या त्याने सगळं ऐकलं होतं. अंगात घरातलाच मळका सदरा, पायात काही नाही.

मुन्सांजेने सगळ्यांदेखत टोपी काढली. "लुयांडोच्या बापा, मी माझा शब्द मागे घेतो. उद्याच वनखात्यात येतो तुझ्याबरोबर. आम्ही तुझे गुन्हेगार आहोत." मग म्हाताऱ्याला वाटलं, काहीतरी मानाचं द्यावं. "या पाहुण्याचा रानरेडा अजून बाकी आहे. माग तू काढ. पुढे तू चाल. सगळ्यांना दिसू दे."

काबासो गाडीच्या टपाला धरून उभा होता. उंच गवतात या माणसाच्या मागे जायचं, या विचाराने तो खाली उतरायलाही तयार नव्हता. मालेलेला वाटलं, हामूंगाने हो म्हणावं. घेऊन जावं याला. रेड्याचा वास येईपर्यंत न्यावं.

हामूंगाने काबासोला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग तो गावाकडे वळला. ज्यांनी मडक्यापाशी जागा दिली नव्हती, ज्यांची पोरं लुयांडोला मारत होती, त्या प्रत्येकाला ऐकू जाईल असा बोलला.

"नको. चोराबरोबर मी रानात जात नाही."