जनरलची सर्व्हिस फाईल

आमच्या आखातातल्या, रुवैसच्या घरात एक जपानी जनरल सात वर्षं फुकट राहतोय. त्याचं नाव घेतलं तरी माझं डोकं उठतं, म्हणून मी नुसतं जनरल म्हणते. तो मरूनही जमाना झाला, पण माझ्या नवऱ्याला, म्हणजे मुरलीधरना, त्याची पहिली नेमणूक, घोडदळातली बढती, मंचुरियातली बदली, सगळं तोंडपाठ. माझा वाढदिवस मात्र आमच्या लेकीने, अस्मीने, आठवण करून दिल्याशिवाय कळत नाही.

हे रिफायनरीत डॉक्युमेंट कंट्रोलर. पुराव्याशिवाय कागद पुढे सरकू द्यायचा नाही, हे यांचं काम आणि तोच स्वभाव. भाजीची यादी दिली तरी विचारतात, "ही लेटेस्ट रिव्हिजन ना?"

आता यात जनरल कुठून आला ते सांगते. यांचे आजोबा इंग्रजांच्या फौजेत शिपाई होते. सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती सापडले, तिथून कैदी म्हणून न्यू गिनीकडे नेले आणि पुढे पत्ता नाही. साताऱ्याला माझे सासरे आता शहाऐंशीचे. वडील परत येणार नाहीत हे मान्य करायलाच त्यांना पंचवीस वर्षं लागली. तेव्हापासून, तिथी माहीत नाही म्हणून, सर्वपित्री अमावास्येला त्यांचं श्राद्ध घालतात. मरायच्या आधी एकदा तरी खऱ्या तिथीला घालायचं, एवढीच त्यांची इच्छा.

शिपायाची नोंद ठेवतंय कोण? जनरलची मात्र बारीकसारीक ठेवलेली. म्हणून हे तिकडच्या फौजेच्या या जनरलच्या मागे लागले. त्याची फौज जिथे, तिथेच कैद्यांची छावणी, असा यांचा तर्क. जनरलची दाढ कधी दुखली, त्याला सेनापती कधी केलं, बेट सोडून विमानाने कधी गेला, युद्धानंतर किती वर्षं तुरुंगात होता आणि शेवटी घरच्या अंथरुणात कुठल्या दिवशी मेला, सगळं सापडलं. आजोबांच्या नावापुढचा रकाना कोरा. चीड येते हो!

यंदा पितृपक्ष तोंडावर आला आणि शनिवारी सकाळी सासऱ्यांचा फोन आला. यांनी तो स्पीकरवर टाकला. "मुरली, तारीख मिळाली का रे? गुरुजींना सांगायचीय."

"बाबा, एक कन्फर्मेशन पेंडिंग आहे," हे म्हणाले. सातव्या वर्षीही तेच!

"डॅड, जस्ट गिव्ह हिम एनी डेट. खलास," अस्मी पुटपुटली.

मी फोन हिसकावून घेतला. समोर फाईल उघडीच होती. बोट पडलं ती तारीख वाचली. "बाबा, मिळाली. नऊ मे एकोणीसशे चव्वेचाळीस. एकदम पक्की."

मला वाटलं, आता आनंदाने गहिवरतील.

"चव्वेचाळीस," सासरे सावकाश म्हणाले. "म्हणजे मी पाच वर्षांचा. आई गेली एकसष्ट साली. ते येतील म्हणून तिनं कुंकू पुसलं नाही. आम्हीही तिला सवाष्ण म्हणूनच नेली, हिरवा चुडा भरून. तिचं श्राद्ध मी दरवर्षी अविधवा नवमीला घालतो. ते सगळं खोटंच का गं, सुजाता?"

यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"बाबा, ती तारीख जनरलची आहे. तो बेट सोडून गेला त्या दिवसाची. सुजाताने चुकून वाचली. आजोबांची तारीख कुठेही सापडलेली नाही."

"नक्की ना?"

"नक्की. माझ्याकडे एकही कागद नाही."

सासऱ्यांनी सोडलेला सुस्कारा मलाही ऐकू आला. "मग आता शोधू नकोस, मुरली. नवमी आहे तशीच राहू दे."

सात वर्षं मी हेच ओरडून सांगत होते, शोधणं बंद करा. आज हे नुसतं "बरं" म्हणाले, आणि मलाच रडू फुटलं.