कृष्णाबाईचा खाकी शर्ट

वटार गावच्या काशीरामाला जनावरांचं खूळ होतं. गोखिवऱ्याच्या कारखान्यात तीस वर्षं लोखंड कातायची लेथ चालवली, पण घरी पाऊल टाकलं की टीव्हीवर आफ्रिका लागायची. केळीच्या वाडीत पाणी भरून वाहतंय, बायको ओरडतेय, आणि हा आपला सिंहांत रमलेला! रिटायर झाला तेव्हा मुलीने, रीमाने विचारलं, "बाबा, काय हवं तुम्हाला?"

"आफ्रिकेतलं मसाई मारा," तो म्हणाला. "ऑगस्टात तिथं जनावरांचे कळपच्या कळप नदी उतरतात. तुज्या आयला घेऊन बघायचंय."

आईला घेऊन. लग्नानंतर कृष्णाबाईला तिच्या दादरच्या बहिणीच्या घरापलीकडे त्याने कुठे नेलं नव्हतं, आणि ते त्याला आतून खात होतं.

मग काय विचारता, लग्नघरासारखी धांदल. दुर्बीण आली, खाडीवरचे बगळे बघून सराव झाला. निळे-काळे कपडे नकोत, तिथली चावरी माशी त्या रंगांवर येते, असं रीमाने सांगितलं. कृष्णाबाईने मशीनवर दोघांचे खाकी शर्ट शिवले. तिचा तिच्याच अंगावर लोंबत होता.

"माप कोनाचं घेतलंस गं, हत्तिणीचं?" काशीराम खो खो हसला.

"जुनंच घेतलं," ती म्हणाली, आणि शर्टाची घडी घालून आत गेली. लेथवर केसाएवढा फरक ओळखणारा माणूस, पण बायको अर्धी झालेली त्याला दिसली नाही. काय म्हणावं!

तिकडे जायचं तर पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते. मुंबईच्या केंद्रात डॉक्टरने फॉर्म भरताना विचारलं, "बाईंना औषधं कुठली चालू आहेत?"

"काय नाय," काशीरामच बोलून मोकळा झाला.

कृष्णाबाईने पर्स उघडली. गोळ्यांचं पाकीट काढून तिने टेबलावर ठेवलं. डॉक्टरने नाव वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"ही कॅन्सरची औषधं आहेत. यांना ही लस देता येणार नाही."

काशीराम बायकोकडे वळला. "कदीपासून?"

"दिवाळीपासून. बहिनीकडं जाते म्हनून इस्पितळात जायची. तुमाला सांगितलं असतं तर तुमी निघाले असते का? एकदा बरोबर बघू, मंग काय व्हायचं ते होवो, असं ठरवलंवतं मी." तिने फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. "तुमी घ्या सुई. तुमी तरी जाऊन या."

"गप बस!" तो एवढ्याने ओरडला की बाहेरची माणसं डोकावली. लस न घेताच दोघं वटारला परतली.

ऑगस्टात ती इस्पितळात खाटेला खिळली. एका दुपारी म्हणाली, "नदी दाखवा." काशीरामाने खाकी शर्ट घातला, तिचा तिच्या अंगावर पांघरला. रीमाने लावून दिलेला व्हिडिओ त्याने तिच्यासमोर धरला, पण तिची नजर ठरेना. मग तोच सांगू लागला.

"उतरली बघ पान्यात. केवढी धूळ! पयली वर चढली... लहान पिल्लूपन चढलं."

"सगली गेली पल्याड?"

"गेली गं. सगली गेली."

"मंग बरं," म्हणून तिने डोळे मिटले.

एक जनावर अलीकडच्या काठावरच राहिलं होतं, पाण्याकडे बघत हंबरत होतं. ते त्याने तिला सांगितलं नाही.