गणपतीच्या पाठीमागची खुर्ची

'हक्का' म्हटलं की ज्यांना नूडल्स आठवत नाहीत, असे अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनी गावात एकच मराठी गृहस्थ: श्रीरंग काका. नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते तासाभरावरच्या हक्का सांस्कृतिक केंद्रात हौसेने गाइड झाले. चीनमधल्या हक्का लोकांच्या मातीच्या गोल घरांसारखीच तिथली इमारत. दार एकच, आत कितीतरी कुटुंबं, सगळ्यांच्या खोल्या सारख्या आणि मधोमध पूर्वजांचं देवघर. हे सांगताना काकांना हमखास आपली माणसं आठवायची. कारण इकडे आमच्या महाराष्ट्र मंडळाची तीन मंडळं झाली होती. पहिली फूट अध्यक्षपदावरून, दुसरी मोदक उकडीचे की तळणीचे यावरून. मराठी माणूस साता समुद्रापार जाताना लोणचं विसरेल, भांडण नाही.

तिन्ही मंडळांनी मिळून असंच गोल मराठी भवन बांधावं, ही काकांची एकच इच्छा. "गोलात कोणी पुढे नाही, मागे नाही. मग भांडणार कशावरून?" ते मला विचारायचे. भाबडा माणूस!

यंदा मोठ्या मिनतवारीने एकत्र गणपती ठरला, शाळेच्या जिममध्ये. आरतीनंतर भवनावर मतदान होतं. काकांनी सकाळीच जाऊन खुर्च्या गोल मांडल्या आणि मधोमध गणपती बसवला.

"काका, हे काय यार?" एका मंडळाची अध्यक्ष आसावरी दारातच थबकली. "बाप्पाच्या पाठीमागे कोण बसणार? पाठीत दारिद्र्य असतं!"

काकांचा चेहरा उतरला. हक्कांचं सगळं पाठ, पण हे घरचंच ते विसरले होते.

मग काय! सहा-सहा बेडरूमवाले लोक दारिद्र्याच्या धाकाने खुर्च्या ओढत पुढे धावले. बघता बघता रांगा झाल्या, पहिल्या रांगेसाठी तिन्ही अध्यक्षांची जुंपलीसुद्धा. मागे एकच खुर्ची उरली. काका तिच्यावर जाऊन बसले.

"गोल भवन हवं, त्यांनी प्लीज हात वर करा," आसावरी म्हणाली.

मी हात वर केला. समोरून कोणाचाच नाही. मी कडेला होतो म्हणून मला मूर्तीमागचा हात दिसला.

"दोन! एक मागे आहे," मी ओरडलो.

आसावरीने मान वाकडी करून पाहिलं, आणि पाठ दिसेल या भीतीने झटकन वळवली.

"इथून तर एकच दिसतोय. प्रपोजल रिजेक्टेड," ती म्हणाली. तिन्ही मंडळांनी एकदिलाने टाळ्या वाजवल्या. काकांचा हात अजून वरच होता.