मालडब्याची दुसरी बाजू

आमच्या दुबईतल्या अल बर्शाच्या घरात जेवणाचं टेबल आहे, पण त्या दिवसांत त्यावर जेवायची सोय नव्हती. एका टोकाला लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या, चिमटे, ब्लेड, रंगाच्या बारक्या डब्या, आणि मधोमध वर्तमानपत्रावर विलायतेतल्या जुन्या मालगाडीचा एक बोटभर लांबीचा डबा. मी, माझा नवरा आणि आमची बारावीतली मुलगी, तिघंही सोफ्यावर मांडीवर ताटं घेऊन जेवायचो. नवरा घास घेता घेता मान वळवून त्या डब्याकडे बघायचा. माझ्याकडे बघायचाच नाही असं नाही, पण मी टेबलावर बसले असते तर जास्त बघितलं असतं.

हे खूळ आमच्या घरी आलं ते एका खोक्यातून. इथे कोणी देश सोडून निघालं की घर वाटून टाकतं. आमचा प्रेशर कुकर एका केरळी कुटुंबाचा, पडदे एका पुण्याच्या बाईचे, बाल्कनीतली कोरफड कोणाची ते आता आठवतही नाही. नवऱ्याच्या ऑफिसातला एक म्हातारा इंग्रज निवृत्त होऊन परत गेला, तेव्हा त्यानं याच्या हातात एक खोकं ठेवलं. आत न जोडलेले मालडबे, प्रत्येकाचे सुटे भाग, आणि थोडे रूळ. ते खोकं कपाटावर कित्येक वर्षं पडून होतं. पाहुणे आले की मी ते आत ढकलायचे.

मग नवऱ्याचं डिपार्टमेंट दुसऱ्या डिपार्टमेंटमध्ये विलीन झालं आणि त्याची नोकरी गेली. दुसऱ्याच आठवड्यात खोकं खाली उतरलं.

नोकरी गेली की इथे व्हिसाही जातो, आणि दुसरी काही सोय लावायला काही महिन्यांची मुदत मिळते. मी एका शाळेच्या ऑफिसात कामाला आहे, माझा व्हिसा शाळेचा. मुलीचा व्हिसा मी माझ्या नावावर करून घेतला, तो झटकन झाला. घोडं अडलं ते नवऱ्याचं. त्यालाही माझ्या नावावर राहता आलं असतं, पण तो विषय काढला की तो म्हणायचा, "बघू, एखादा इंटरव्ह्यू लागेल, इन्शाल्ला." आणि लॅपटॉप उघडायचा. मला वाटायचं नोकऱ्या शोधतोय. मागून जाऊन बघितलं की पडद्यावर मालडबे.

विलायतेत कोणीतरी तरुणपणी कॅमेरा घेऊन रेल्वेच्या माल-यार्डांतून हिंडलेला, आणि म्हातारपणी त्यानं ते सगळे फोटो इंटरनेटवर टाकलेले. छोट्या गाड्या बनवणाऱ्या छांदिष्टांना उपयोगी पडावेत म्हणून. फोटोंत माणसं नाहीत, डोंगर नाहीत. काळ्यापांढऱ्या रंगात नुसते डबे. कोळशाचे, चुन्याचे, मासळीचे.

"हे बघ, ही फळी," तो मला हाताला धरून बसवायचा.

"कुठली?"

"खालून तिसरी. नवीन बसवलीय, पण तिला रंगच दिला नाही. आणि इथे बघ, जुन्या मालकाचं नाव रंगाखालून परत वर आलंय."

"मग?"

"मग काही नाही. किती सुंदर आहे."

मला बसवत नसे. मी उठून फडकं घ्यायचे आणि बाल्कनीचं दार पुसायला लागायचे. अल बर्शात धूळ पुसण्याला अंत नाही, त्यामुळे ज्याला स्वस्थ बसता येत नाही त्याला इथे काम कमी पडत नाही. खाली शेख झायेद रोडवर गाड्या सतत धावत असायच्या, मेट्रो जायची, सगळं जग कुठेतरी निघालेलं असायचं. आणि हा माणूस आत गवतात उभ्या असलेल्या डब्यांसमोर तासन् तास. एक दिवस मी फटकारलंच.

"तुम्हाला एखादा धड डबा मिळत नाही का? सगळे मेले मोडके, टाकून दिलेले."

त्याला राग आला नाही. "धड डबे कामावर असतात गं," तो म्हणाला. "फोटो उभ्या असलेल्यांचेच निघतात."

तो हे अगदी सहज म्हणाला आणि परत ब्लेड चालवायला लागला. मी मात्र त्या दिवशी शाळेत पोचले तरी तेच वाक्य चघळत होते.

त्याची खरी अडचण वेगळीच होती. फोटो काढणाऱ्यानं डब्याची एकच बाजू टिपलेली असायची. दुसरी बाजू रुळांच्या पलीकडे, तिकडे कोण जाणार? आणि जुन्या काळी काही डब्यांना ब्रेकचा दांडा एकाच बाजूला असायचा. फोटोतल्या बाजूला दांडा नसेल तर तो पलीकडे असणार, पण कसा, कुठे, ते कळायला मार्ग नाही. नवरा यावर इतका विचार करायचा की मला त्या दांड्याचा मत्सर वाटायला लागला.

तरीही एक दिवस मी त्याच्या कामात सामील झाले, आणि तिथेच फसले. कोळशाचा एक उघडा डबा त्यानं जोडून रंगवला होता. आता त्यावर मळ चढवायचा होता. हे लोक नवाकोरा डबा बनवतात आणि मग मुद्दाम मळवतात, त्यालाच कारागिरी म्हणतात. त्यानं बारक्या ब्रशनं कोपऱ्याकोपऱ्यांत फिकट पिवळसर धूळ बसवली आणि मला हाक मारली.

"मळ बरोबर वाटतो?"

माझ्या हातात फडकं होतंच. मी डबा उजेडात धरला. "अगदी बरोबर. हुबेहूब आपल्या बाल्कनीसारखा."

तो खूश झाला. डब्याचा फोटो काढून त्यानं असले डबे बनवणाऱ्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तिकडच्या एका सद्गृहस्थाचं उत्तर आलं. हात फार सुरेख आहे, त्यानं अगदी अदबीनं लिहिलं होतं, पण हा डबा नेमका कोणत्या वाळवंटातून आला? आमच्याकडचा मळ काळा असतो, इंजिनाच्या काजळीचा आणि तेलाचा.

नवऱ्यानं ते मला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं इतके हसलो की मुलगी खोलीतून बाहेर आली. "व्हॉट हॅपन्ड?" तिनं विचारलं. सांगितल्यावर ती डबा हातात फिरवत म्हणाली, "पप्पा, धिस वन इज फ्रॉम दुबई."

हसणं ओसरल्यावर नवरा बराच वेळ फोटोकडे बघत राहिला. "काळापांढरा फोटो," तो म्हणाला. "मळाचा रंग त्यात दिसतच नाही. आपण आपलाच भरतो." आम्ही दोघं रत्नागिरीकडची माणसं. तिथला मळ लाल. तो दोघांपैकी एकालाही आठवला नव्हता.

मुदत संपत आली होती. त्यातच शारजाहून जेवणाचं बोलावणं आलं. नवऱ्याचा चुलत भाऊ तिथल्या रोल्ला भागात राहतो, त्याचं रेडीमेड कपड्यांचं दुकान आहे. माणूस मनानं वाईट नाही, फक्त त्याच्या तोंडाला दार नाही. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुरमईचं कालवण समोर आलं, गावच्या गप्पा झाल्या, आणि व्हिसाचा विषय निघाला.

"टेन्शन कशाला घेतोस?" भाऊ नवऱ्याला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "भाभी है ना! काय भाभी, आता तुम्हीच याचा कफील!"

ज्याच्या नावावर आपण या देशात राहतो तो कफील. इथे जन्म काढलेल्या माणसाला या शब्दाचं वजन सांगावं लागत नाही. सगळे हसले. माझा नवराही हसला, आणि त्यानं अजून एक भाकरी मागून घेतली. ती त्यानं ताटात तशीच ठेवली.

परत येताना शारजा-दुबईचा ट्रॅफिक जागच्या जागी थांबलेला. त्यात तो म्हणाला, "मी गावी जातो. मोठ्या भावाला बागेत मदत लागतेच. आंब्याचं बघतो. तू आणि ती इथे राहा, तिची बारावी होऊ दे."

"आणि मग?"

"मग बघू. व्हिडिओ कॉल आहे की रोज."

मी एसीची झडप वर केली, खाली केली, परत वर केली. पुढची गाडी हलेना.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. मसाल्याच्या बरण्या उतरवल्या, धुतल्या, पुन्हा त्याच जागी ठेवल्या. ऑफिसात एकच फाईल चारदा उघडली. कामावरून सुटल्यावर मॉलमध्ये शिरायचे आणि काहीही न घेता दुसऱ्या दारानं बाहेर पडायचे. घरी त्याच्यासमोर थांबायची भीती वाटत होती, कारण थांबले तर बोलावं लागलं असतं. चांगला हट्टाकट्टा, इतक्या वर्षांचा नवरा, आणि मला त्याला राहा म्हणता येत नव्हतं. त्याचा मान जाईल असं मला वाटत होतं, आणि तो गावी गेला तर मी मोडेन हेही दिसत होतं.

शनिवारी दुपारी मुलगी क्लासला गेलेली. नवरा टेबलाशी बसून एकेक डबा टिश्यू पेपरात गुंडाळून खोक्यात ठेवत होता. तिकीट अजून काढलं नव्हतं, पण पॅकिंगला सुरुवात झाली होती. तो धुळीचा डबा शेवटी राहिला. मी उचलून बघितला. एक बाजू पूर्ण, फळ्या, खिळे, अक्षरं, सगळं. उलटा केला तर दुसरी बाजू सपाट, कोरी.

"ही राहिली."

"त्या बाजूचा फोटोच नाही," तो म्हणाला. "असू दे. गावी शोकेसमध्ये ठेवीन, ती बाजू भिंतीकडे करून. कोणाला कळतंय?"

शोकेस या शब्दासरशी माझे पाय थांबले. खुर्ची ओढून मी त्याच्यासमोर बसले. कित्येक महिन्यांनी मी त्या टेबलाशी स्वतःहून बसत होते.

"आमच्या शोकेसमध्ये अब्बांचा फोटो होता," मी म्हणाले. "कुवेतचा. मोटारीला टेकून उभे आहेत, मान थोडी वळवलेली."

"माहीत आहे. बघितलाय."

"मी लहानपणी त्या फोटोलाच सगळं सांगायचे. शाळेतून आले की सलाम करायचे. अब्बा दोन-तीन वर्षांनी यायचे, पाहुण्यासारखे राहायचे, जायचे. माझ्या लग्नाआधी कायमचे आले. तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसून काही बोलले की ते उत्तरच द्यायचे नाहीत. आठवडाभर मी रडले. मला वाटलं, यांना मी नकोय. मग अम्मीनं सांगितलं, त्या कानानं त्यांना ऐकूच येत नाही. कारखान्यातल्या मशीननं गेला होता. कधीचाच."

नवरा हातातल्या टिश्यूची घडी करत होता. अब्बांना एका कानानं ऐकू येत नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. मला ते कसं कळलं हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

"मी अख्खं लहानपण त्या फोटोवरून बाप बनवत बसले," मी म्हणाले. "आणि फोटोत दिसायचा तो चांगला कान. तुम्ही गावाहून रोज फोन कराल, रोज हसाल, छान दिसाल. मला ते पुरणार नाही. पोरीलाही नाही. मला तुम्ही इथे हवे आहात. चिडलेले, रिकामे, टेबल अडवून बसलेले, कसेही. कफील म्हणोत नाहीतर आणखी काही म्हणोत."

बाहेर मेट्रो गेली.

"रोल्लावाल्याला काय सांगू?"

"सांगा, बायको सोडत नाही."

तो हसला नाही. पण त्यानं खोक्यातला वरचा डबा उचलला, टिश्यू काढला आणि तो टेबलावर ठेवला. मग दुसरा. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "अब्बांचा कुठला कान?"

"डावा."

त्यानं मान हलवली आणि कोरी बाजू स्वतःकडे करून धुळीचा डबा पुढ्यात ओढला.

त्याचा व्हिसा माझ्या नावावर करायचा तर व्हिसाचे कागद भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये नवा फोटो मागितला, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा. आम्ही घराखालच्या गल्लीतल्या स्टुडिओत गेलो. स्टुडिओ म्हणजे दुकानामागचं एक भोक. नवरा स्टुलावर ताठ बसला. मागचा पांढरा पडदा निखळलेला होता म्हणून फोटोग्राफरनं मला एक मोठा पांढरा पुठ्ठा दिला. "भाभी, आप पीछे खडे होके पकडो."

मी नवऱ्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. शर्टाची कॉलर एका बाजूला आत मुडपली होती. डोक्यावर मागे केस विरळ झालेले. आणि मानेवर, केसांच्या खाली, काळा रंग लागला होता. काजळीचा काळा. डब्याच्या कोऱ्या बाजूला त्यानं विलायतेतला मळ बरोबर घेतला होता.

"ब्रेकचा दांडा लावलात?" मी हळूच विचारलं.

"लावला," तो समोर बघत म्हणाला. "असणारच, असं धरून."

मी अंगठा ओला करून त्या डागावर घासला. तो निघाला नाही.

"काय आहे?"

"काही नाही. समोर बघा."

"भाभी, थोडा ऊपर," फोटोग्राफर म्हणाला. मी त्याची कॉलर सरळ केली आणि पुठ्ठा वर धरला.